हापूसच्या वेबसाइटसाठी लेख: किती लिहावेत, कुठे द्यावेत आणि 300 साइट्सचं पॅकेज घ्यावं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड तालुक्यात तुमची स्वतःची बाग आहे. हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला विकायच्या म्हणून आठ महिन्यांपूर्वी वेबसाइट केली, तिच्यावर 12 लेख टाकले आणि तेच लेख मिळतील त्या फुकट साइट्सवरही चिकटवले. महिन्याला चाळीसेक माणसं येतात, त्यांतली बरीचशी ओळखीचीच. आता एक जण 6,000 रुपयांत 300 साइट्सवर लेख टाकून देतो म्हणतोय. ते घ्यावं का, लेख किती लिहावेत आणि एकच लेख सगळीकडे चालतो का, हे तुम्ही विचारलं आहे.

पॅकेज घेऊ नका. त्याचं कारण पुढे सविस्तर सांगतो, पण तुमची अडचण दुसऱ्या साइट्सवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंक कमी असण्याची नाही, हे आधी सांगायला हवं. तुम्ही दिलेली शीर्षकं पाहा: 'फळांचा राजा हापूस', 'आंबा खाण्याचे 10 फायदे', 'कोकणचा मेवा'. हा मजकूर शेकडो ठिकाणी आधीच आहे आणि तो वाचणाऱ्याला बहुतेक वेळा पेटी घ्यायची नसते. पेटी घेणारा माणूस वेगळं काही विचारतो. पेटीत आंबे हिरवे निघाले, आता काय करू? 5 डझनाच्या पेटीतला आंबा केवढा असतो? आत साका (कोयीजवळचा खराब, स्पंजासारखा भाग) निघाला तर पैसे परत मिळतील का? पाडव्याला आंबा मिळेल का, आणि मिळाला तर तो तेव्हा इतका महाग का असतो? हे प्रश्न तुम्हाला दर हंगामात फोनवर येतात. त्यांची उत्तरं तुम्ही तोंडी देता, पण साइटवर त्यातलं एकही नाही.

आता पॅकेजबद्दल. लेख लिहून 'आर्टिकल डिरेक्टरी' प्रकारच्या, म्हणजे कोणाचेही लेख घेणाऱ्या, साइट्सवर टाकायचा, खाली लेखकाच्या परिचयात आपल्या साइटची लिंक द्यायची, ही पद्धत एके काळी खरंच चालायची. एखाद्या पानाकडे किती लिंक येतात यावर गूगल बरंच अवलंबून होतं आणि त्या लिंक कुठून येतात हे तपासण्याची त्याची क्षमता तेव्हा कमी होती. मग एकच लेख शब्द फिरवून शंभर रूपांत टाकण्याचा धंदा सुरू झाला. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला. त्यात पातळ, नक्कल केलेल्या मजकुराच्या साइट्स खाली गेल्या आणि लेखांच्या डिरेक्टऱ्यांना त्याचा मोठा फटका बसला. एप्रिल 2012 मध्ये 'पेंग्विन' आला, त्याचा रोख बनावट लिंकवर होता. 2016 पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेचाच भाग आहे आणि अशा लिंक तो बहुतेक वेळा सरळ मोजतच नाही.

म्हणजे 300 साइट्सवर लेख टाकल्याने तुमची साइट बुडेल, अशी भीती घालण्यात अर्थ नाही. बहुतेक वेळा काहीच होत नाही. 6,000 रुपये जातात, विकणारा 300 लिंकची एक्सेल फाइल देतो आणि त्या साइट्सवर कोणी माणूस येत नसल्याने एकही ग्राहक मिळत नाही. धोका असतो तो वेगळ्याच ठिकाणी. सगळ्या लिंक 'देवगड हापूस ऑनलाइन' अशा एकाच शब्दसमूहावर दिलेल्या असतील तर ते कृत्रिम असल्याचं स्पष्ट दिसतं आणि क्वचित गूगलकडून मॅन्युअल, म्हणजे माणसाने तपासून केलेली, कारवाईही होते. सर्च कन्सोल या गूगलच्या फुकट साधनात 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' नावाचं पान असतं, ते एकदा उघडून पाहा. तिथे काही नसेल तर आतापर्यंत चिकटवलेल्या लेखांची काळजी सोडा. जुन्या लिंक नाकारण्याची 'डिसअव्हाव' फाइल वगैरे कोणी सुचवली तर त्या वाटेला जाऊ नका. कारवाई झालेली नसताना ती फाइल भरून नुकसान करून घेण्याची शक्यताच जास्त.

लेखांतून ग्राहक येतात का, याचं उत्तर मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही पेट्या कुठवर पाठवता? फक्त मुंबई-पुण्यात टेम्पोने पोचवत असाल तर पहिली दोन वर्षं तुमच्या ऑर्डरी गूगलपेक्षा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून जास्त येतील, आणि लेखांचं काम त्या ग्रुपमध्ये विश्वास मिळवून देण्याचं राहील. बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला कुरिअर करत असाल तर तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नाही, त्यामुळे शोधातून येणारा ग्राहक महत्त्वाचा आणि इंग्रजी लेखही हवेत. परदेशातल्या वाचकांचं गणित आणखी निराळं. भारतीय आंबा 2007 पासून अमेरिकेत जातो, पण विकिरण प्रक्रिया आणि ठरावीक तपासणी झाल्यावरच. तुमच्याकडे निर्यातीची सोय नसेल तर न्यू जर्सीतल्या मराठी माणसाने तुमचा लेख वाचला तरी भेटींचा आकडा वाढेल, पेटी विकली जाणार नाही. तो पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवू शकतो, हा मात्र खरा ग्राहक आहे. 'परदेशातून पैसे भरून पुण्या-मुंबईत आंबा कसा पाठवायचा' या विषयावर एक नेमका लेख त्याच्यासाठी जरूर लिहा, आणि परदेशी कार्ड तुमच्या पेमेंट व्यवस्थेत चालतं का हे त्याआधी तपासून घ्या.

विषय शोधायला कुठलंही साधन विकत घेऊ नका. एक वही घ्या. मागच्या हंगामातले व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद उघडा आणि ग्राहकाने विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. 'तयार आंबा' म्हणजे झाडावर पूर्ण वाढ झालेला कच्चा आंबा, हे तुम्हाला ठाऊक आहे. शहरातला माणूस 'तयार'चा अर्थ 'पिकलेला' असा घेतो आणि पेटी उघडल्यावर फसवणूक झाली म्हणून फोन करतो. असा प्रत्येक गैरसमज म्हणजे एकेक लेख. शंभरेक प्रश्न लिहून झाले की सारखे प्रश्न एकत्र करा, आठ-दहा गठ्ठे होतील. तेवढे लेख एका वर्षाला पुरे. आठवड्याला तीन लेख टाका असं सांगणारे भेटतील, पण बागायतदाराला ते झेपत नाही आणि त्याची गरजही नाही.

उदाहरणासाठी 'पेटी आल्यावर काय करायचं' हा एकच लेख घेऊ, कारण तुमच्यासाठी तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पहिल्या तीन ओळींत उत्तर द्या: आंबे हिरवे असणं बरोबर आहे, पेटी आली त्याच दिवशी उघडा, आंबे पेंढ्यावर एका थरात पसरून खोलीत ठेवा, कच्चे असेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका. वाचकाच्या हातात पेटी आहे, त्याला हापूसचा इतिहास नको आहे. त्यानंतर कारणं सांगा. कच्चा आंबा फार थंडीत ठेवला तर त्याची पिकण्याची क्रिया बिघडते, सालीवर डाग पडतात आणि तो नंतर नीट पिकत नाही. एकावर एक थर लावले तर खालचे दबतात आणि ऊब साठून सडतात. मग दिवसांचा अंदाज द्या, पण तुमच्या मालाचा. तुम्ही आंबे काढल्यापासून किती दिवसांनी ते ग्राहकाच्या घरी पोचतात आणि तिथून पिकायला किती दिवस लागतात, हे मार्चच्या आणि मेच्या हवेत वेगळं असतं, म्हणून दोन्ही वेगवेगळे लिहा. पिकल्याची खूण फक्त रंगावरून सांगू नका. वास, देठाजवळचा मऊपणा आणि सालीवर येणारी बारीक सुरकुती हे तिन्ही सांगा. एकच आंबा पहिल्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी, त्याच जागी, त्याच उजेडात टिपलेले तीन फोटो द्या. असे फोटो ज्याच्या घरात पेटी आहे त्यालाच काढता येतात, त्यामुळे हा लेख कोणाला घरबसल्या नकलता येणार नाही.

साक्याचा लेख लिहायला बागायतदार कचरतात, पण तो लिहाच. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग दिसतो, आणि उत्तम बागेतल्या पेटीतही एखादा निघू शकतो हे सरळ लिहा. मग तुमचा नियम सांगा: कापलेल्या फळाचा फोटो किती तासांत पाठवायचा, बदली फळ मिळणार की पैसे, पेटीमागे किती फळांपर्यंत. हा नियम स्पष्ट लिहिलेला पाहून अनोळखी माणूस जितक्या लवकर पैसे भरतो, तितका 'शंभर टक्के शुद्ध नैसर्गिक' या शब्दांनी भरत नाही.

कार्बाइडवर लिहाल तर नेमकं लिहा. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, 100 पीपीएमच्या मर्यादेत. तुम्ही पेंढ्यात पिकवत असाल तर आढी लावलेल्या खोलीचा फोटो आणि पद्धत द्या. इतर विक्रेत्यांवर आरोप करू नका. आंब्याने अमुक रोग बरा होतो असली वाक्यं अजिबात नकोत, अशा दाव्यांवर कायदेशीर कारवाई होऊ शकते. भौगोलिक मानांकनाचंही तसंच. हापूसला हे मानांकन 2018 मध्ये मिळालं, पण ते आपोआप तुमच्या पेटीला लागत नाही. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली असेल तर प्रमाणपत्राचा फोटो लेखात द्या. केली नसेल तर चिन्ह वापरू नका, आणि नोंदणीचं काम लेखांच्या आधी हातात घ्या.

लेखाची लांबी प्रश्नावर ठरते. 'पेटी आल्यावर' हा लेख 900 शब्दांचा होईल, 'पेटीतल्या आंब्याचं वजन' 300 शब्दांत आणि एका तक्त्यात संपेल. शब्दसंख्या भरण्यासाठी वाढवलेला परिच्छेद वाचकाला लगेच कळतो. यंत्राकडून मजकूर लिहून घेण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो मोह होणार म्हणून सांगतो. गूगलचा आक्षेप साधनावर नाही. मार्च 2024 मध्ये त्याने जे नियम कडक केले त्यांत वाचकाला नवं काही न देणारा मजकूर घाऊक प्रमाणात काढण्यावर बोट ठेवलं आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. तुमच्या आढीत आंबा किती दिवसांत पिकतो हे यंत्राला माहीत नसतं, आणि लेखात नेमकं तेच हवं असतं.

मराठीत लिहिताना काही तांत्रिक गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली फॉन्टची. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर तो साइटवर चिकटवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यानंतर पुन्हा एकदा वाचा, विशेषतः जोडाक्षरं आणि रफार. दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. शीर्षक मराठीत असलं तरी पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की बऱ्याच ठिकाणी त्याचं टक्के-चिन्हांच्या भाषेत रूपांतर होतं. तिथे प्रत्येक अक्षराची, काना-मात्रेचीसुद्धा, 9 चिन्हं होतात, आणि 'देवगड-हापूस' एवढाच पत्ता 91 चिन्हांचा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी लांबलचक लिंक आली की लोकांना ती फसवी वाटते. एकदा लेख प्रसिद्ध झाला की पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर 301 रीडायरेक्ट लावा, नाहीतर आधी वाटलेल्या सगळ्या लिंक मरतात. तिसरी गोष्ट म्हणजे मजकूर चित्रावर लिहून तेच चित्र लेख म्हणून टाकण्याची सवय. ते शोधात नीट सापडत नाही, आणि फॉरवर्ड झालं तर तुमच्या साइटकडे यायला त्यात वाट नसते.

लोक मराठी शब्द रोमन लिपीतही शोधतात, 'हापूस'ची स्पेलिंगं तीन-चार प्रकारे करतात आणि 'अल्फान्सो' असंही टाइप करतात. त्यासाठी एकाच लेखात सगळी रूपं कोंबायची गरज नाही. मराठी लेख मराठीत ठेवा. ज्या विषयाला परप्रांतीय ग्राहक आहे त्याचा इंग्रजी लेख वेगळ्या पानावर, त्या वाचकाला समोर ठेवून नव्याने लिहा. 'आढी' म्हणजे काय हे चेन्नईच्या माणसाला समजावून सांगावं लागेल, पुण्यातल्या आजीला नाही.

आता 'एकच लेख सगळीकडे चालतो का' याबद्दल. नक्कल सापडली की गूगल शिक्षा करतं, हा समज चुकीचा आहे. एकच मजकूर पाच ठिकाणी दिसला तर गूगल त्यातलं एक पान निवडून दाखवतं, बाकीची मागे ठेवतं. निवडलेलं पान बहुधा जुन्या, मोठ्या साइटचं असतं, म्हणजे तुमचाच लेख दुसऱ्याच्या घरात वर दिसतो. म्हणून लेख आधी स्वतःच्या साइटवर टाका, सर्च कन्सोलमध्ये त्याचा पत्ता तपासून इंडेक्सिंगची (पान गूगलच्या शोधयादीत घेण्याची) विनंती करा आणि तो इंडेक्स झाल्याचं दिसेपर्यंत दुसरीकडे देऊ नका. याला दोन दिवस लागतील किंवा दोन आठवडेही. मीडियमसारख्या ठिकाणी टाकायचा असेल तर मजकूर चिकटवण्याऐवजी तिथली 'इम्पोर्ट' सोय वापरा, त्यात मूळ पान तुमचं असल्याची कॅनॉनिकल खूण आपोआप लागते. कोणी संपादक तुमचा लेख जसाच्या तसा मागत असेल तर त्याच्या पानावर 'नोइंडेक्स' (हे पान शोधात दाखवू नका, अशी खूण) लावायला सांगा. मजकूर दुसऱ्याला छापायला देताना केवळ कॅनॉनिकलवर विसंबू नका, असं गूगलचंच सांगणं आहे. आणि संपादक तयार नसेल तर त्याला वेगळा लेख लिहून द्या. मी दर वेळी वेगळा लेखच सुचवतो, कारण दोन ठिकाणचे वाचक सहसा एक नसतात.

वाचक कोण, हा प्रश्न दुसऱ्याकडे लेख देताना सगळ्यांत जास्त विसरला जातो. मोहरावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त या विषयावर तुम्ही शेतीच्या दैनिकात उत्तम लेख लिहाल, तो छापूनही येईल. पण तो वाचेल दुसरा बागायतदार, आणि तो तुमच्याकडून पेटी घेणार नाही. नाव व्हावं म्हणून लिहा, विक्रीसाठी नको. विक्रीसाठी पाककृती लिहिणारे ब्लॉग आणि चॅनेल बघा, शहरातल्या पालकांसाठी लिहिणाऱ्या साइट्स बघा, पुण्या-ठाण्यातल्या स्थानिक बातम्यांची पोर्टल्स बघा. त्यांना लिहिताना पाच-सहा ओळींचा ईमेल पुरे: तुम्ही कोण, त्यांच्या कोणत्या लेखावरून हा विषय सुचला, तुम्ही काय सांगणार, त्यात कोणते मूळ फोटो असतील, लेख कधी द्याल. 'तुमच्या सुंदर ब्लॉगवर गेस्ट पोस्ट करू इच्छितो' असे ईमेल त्यांना रोज येतात आणि ते न वाचताच पुसले जातात. त्याऐवजी 'आमरस करताना कोणता हापूस घ्यावा: फार पिकलेला, नुकता पिकलेला की दोन्ही मिसळून, बागेतल्या माणसाचं म्हणणं' असा ठोस विषय द्या. लिंक एकच मागा, तीही लेखातल्या मुद्द्याशी जुळणाऱ्या तुमच्या पानाची. मुखपृष्ठाची नको.

इथे पैशांचा आणि पेट्यांचा व्यवहार आला की नियम येतात. ब्लॉगरला पैसे दिले किंवा फुकट पेटी पाठवली आणि त्या बदल्यात लिंक मिळाली, तर त्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही गूगलसाठी पानाच्या कोडमध्ये द्यायची खूण हवी. 'स्पॉन्सर्ड' ही खूण गूगलने 2019 मध्ये आणली, 'नोफॉलो' 2005 पासून आहे. शिवाय एएससीआय या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे इन्फ्लुएन्सरने ती जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगायला हवं, पैसे न घेता फक्त वस्तू मिळाली असली तरी. या खुणा लागल्या म्हणून लिंक वाया जात नाही. तिच्यावरून येणारा माणूस खराच असतो आणि पेटी तोच घेतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर जरा थांबू, कारण मराठी वाचकाचा मोठा हिस्सा तिथेच आहे. लिंक पाठवली की तिच्याखाली चित्र आणि शीर्षकाची चौकट दिसली पाहिजे. त्यासाठी पानाच्या कोडमध्ये 'ओपन ग्राफ' टॅग हवेत, वर्डप्रेसमध्ये एसईओचं (साइट शोधात वर आणण्यासाठीचं) कुठलंही चांगलं प्लगइन ते लावून देतं. चित्र 1200 बाय 630 पिक्सेल आणि 300 केबीच्या आत ठेवा, जड चित्र असेल तर बऱ्याचदा चौकट रिकामीच येते. चित्र बदलूनही जुनंच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' दाबा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तपासताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पाठवून पाहा, म्हणजे जुनी साठवलेली चौकट आड येत नाही. लेखातले फोटोही फोनवरून थेट चढवू नका. 4-5 एमबीचा फोटो 150-200 केबीपर्यंत आणा, नाहीतर कोकण रेल्वेत बसलेल्या माणसाच्या फोनवर पान उघडणारच नाही.

संदेशात उत्तराचा गाभा द्या, लिंक शेवटी. असा: 'हापूसची पेटी आली आणि आंबे हिरवे आहेत? फ्रिजमध्ये ठेवू नका. पेंढ्यावर एका थरात पसरा, रोज एकदा हलक्या हाताने परता. पिकल्याच्या तीन खुणा फोटोसह इथे दिल्या आहेत.' आणि खाली लिंक. लिंक न उघडणाऱ्यालाही यातून काही मिळतं, म्हणून असा संदेश पुढे जातो. फॉरवर्डला मर्यादा आहेत: एका वेळी पाच चॅट्स, आणि खूपदा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकालाच. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून पेटीत छापील चिठ्ठी ठेवा, तिच्यावर 'पेटी आल्यावर' या लेखाचा क्यूआर कोड आणि नंबर जतन करण्याची विनंती असू द्या. सोसायटीच्या ग्रुपमध्ये स्वतः शिरून लिंक टाकण्यापेक्षा तिथल्या जुन्या ग्राहकाला हा लेख पाठवा, त्याला वाटलं तर तो टाकेल. फेसबुकच्या खवय्यांच्या ग्रुपमध्ये आणि कोरा मराठीवर पद्धत तीच: कोणी प्रश्न विचारला असेल तर तिथेच पूर्ण उत्तर द्या, आणि फोटो किंवा तक्ता पाहण्यासाठी जायची खरंच गरज असेल तरच लिंक. अ‍ॅडमिनचे नियम आधी वाचा. बऱ्याच ग्रुपमध्ये विक्रीच्या पोस्टसाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो.

किती आले यापेक्षा कुठून आले आणि पेटी घेतली का, हे मोजा. वाटलेल्या प्रत्येक लिंकला यूटीएम खूण (पत्त्याच्या शेवटी जोडायचे, लिंक कुठे वाटली ते सांगणारे शब्द) जोडा, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये सोसायटीचा ग्रुप, फेसबुक आणि पेटीतला क्यूआर वेगळे दिसतील. तुमच्या ऑर्डरी मात्र शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच येतात, तिथे अ‍ॅनालिटिक्स पोचत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक लेखाखाली 'व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा' असं बटण द्या आणि त्यात आधीच टाइप केलेला मजकूर ठेवा, लेखागणिक वेगळा: 'नमस्कार, साक्याचा लेख वाचला, पेटीबद्दल विचारायचं होतं.' ग्राहक सहसा तो मजकूर तसाच पाठवतो. हंगाम संपल्यावर चॅटमध्ये 'साक्याचा लेख' शोधलं की त्या लेखाने किती चौकश्या आणल्या ते कळतं.

सर्च कन्सोलमध्ये महिन्यातून एकदा 'परफॉर्मन्स' अहवाल उघडा. ज्या शोधांत तुमचं पान आठव्या ते विसाव्या जागी दिसतं पण क्लिक येत नाहीत, ते शोध वहीत उतरवा. लोक 'हापूस पेटी वजन' शोधत असतील आणि तुमच्या लेखात वजनाचं एकच वाक्य असेल तर तिथे तक्ता घाला. नवा लेख लिहिण्यापेक्षा अशी दुरुस्ती लवकर फळ देते. तिथली आकडेवारी 16 महिन्यांचीच राहते, म्हणून दर जूनमध्ये ती उतरवून घ्या, तरच तीन हंगामांची तुलना करता येईल.

वेळापत्रक तुमच्या धंद्यात लेखाइतकंच महत्त्वाचं आहे. नव्या साइटवरचा लेख शोधात वर यायला काही महिने जातात. एप्रिलमध्ये टाकलेला लेख आंबा संपल्यावर दिसू लागतो, तुमचं या वर्षी नेमकं तेच झालं. पावसाळ्यात लिहा, म्हणजे आत्ताच. दसरा-दिवाळीपर्यंत सगळे लेख साइटवर चढलेले असू द्या. मोहर आला की त्याचे फोटो घालून हंगामाच्या अंदाजाचं एक पान करा आणि त्यावर 'हंगाम सुरू झाला की कळवा' असा छोटा फॉर्म द्या, नाव, शहर आणि नंबर एवढाच, खाली 'संदेश पाठवायला माझी संमती आहे' या खुणेसह. फेब्रुवारीत भाव आणि पाठवणीच्या तारखा भरा, मार्चपासून वाटायला लागा. भावाच्या पानाच्या पत्त्यात वर्ष घालू नका. दर वर्षी तेच पान तारखेसह ताजं करा, म्हणजे मागच्या वर्षी मिळालेल्या लिंक पुढेही कामाला येतात. जूनमध्ये पान काढून टाकू नका, 'या हंगामाच्या पेट्या संपल्या' असं वर लिहून खाली नोंदणीचा फॉर्म ठेवा.

राहिले तुमचे 12 लेख. सगळे पुसू नका. सर्च कन्सोलमध्ये ज्यांना गेल्या आठ महिन्यांत थोडे तरी क्लिक मिळाले आहेत ते बाजूला काढा, तुम्ही सांगितलेल्या आकड्यावरून ते दोन-तीनच असतील. 'कोकणचा मेवा'मध्ये तुमच्या आजोबांनी लावलेल्या कलमांची माहिती आहे म्हणता, ती 'आमची बाग' या पानावर हलवा. 'आंबा खाण्याचे 10 फायदे' पूर्ण काढा. उरलेल्यांतला कामाचा मजकूर नव्या आठ-दहा लेखांत घ्या आणि जुन्या प्रत्येक पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर 301 लावा. ज्याला जुळणारं पान नाही त्याला मुखपृष्ठावर वळवू नका, तो सरळ 404 ('पान सापडलं नाही') होऊ द्या. पॅकेजवाल्याला देणार होतात त्या 6,000 रुपयांत चिठ्ठ्यांची छपाई आणि चांगल्या उजेडातले फोटो, दोन्ही होतील. पहिली चिठ्ठी छापण्याआधी तिच्यावरचा क्यूआर तीन वेगवेगळ्या फोनवर उघडून पाहा.